हंगाम तीन महिन्यांचा, धंदा बारा महिन्यांचा

रत्नागिरी

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मुंबईची नोकरी सोडून आजोबांची आंब्याची बाग स्वतः करायची आणि जोडीला घरच्या रातांब्यांची आमसुले विकायची, असे तू ठरवले आहेस, हे वाचून फार समाधान वाटले. कामाला शिस्त कशी लावावी, असा तुझा प्रश्न आहे. आपल्याकडे पैसा मार्च ते मे या काळात येतो, काम आणि खर्च मात्र वर्षभर चालू असतात. तेव्हा या दोन्हींची वाटणी आधीच करून ठेवणे, यालाच मी शिस्त म्हणतो.

आधी पैशाविषयी लिहितो, कारण चांगले कष्टाळू बागायतदारही इथेच अडतात. वाशीच्या बाजारात पेट्या गेल्या की दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, येते आणि त्या पट्टीवरची रक्कम ही आपली मिळकत आहे, असे वाटू लागते. प्रत्यक्षात तिच्यात गेल्या पावसाळ्यातले खत, मोहोरावरच्या फवारण्या, राखण, काढणीची मजुरी, पेट्या आणि पेंढा हे सारे असते, आणि पुढच्या वर्षीचा हाच खर्चही तिच्यातूनच निघायचा असतो. म्हणून बागेचे बँक खाते घरखर्चापासून वेगळे ठेव आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कम पगारासारखी स्वतःला घे. एप्रिलमध्ये जास्त नको आणि सप्टेंबरमध्ये कमी नको. प्रत्येक पट्टी त्याच संध्याकाळी वहीत उतरव. दलालाकडून आगाऊ उचल घेणे सोपे असते, पण ज्याची उचल घेतली त्यालाच माल द्यावा लागतो आणि भावाबद्दल बोलण्याची तुझी ताकद तिथेच संपते. पहिली काही वर्षे धंदा लहान राहिला तरी चालेल, उचल घेऊ नकोस.

हंगामातल्या दिवसाची आखणी फळच करून देते. चौदा आणे, म्हणजे जवळपास पूर्ण, तयार झालेला आंबा देठासह झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) उतरवायचा, म्हणजे चीक सालीवर सांडत नाही. काढणी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर करायची आणि काढलेले फळ लगेच सावलीत न्यायचे, कारण तापलेल्या जमिनीवर पडून राहिलेल्या हापूसमध्ये साका होण्याची, म्हणजे आतला गर खराब होण्याची, भीती वाढते. दुपारचे जे तास असे मोकळे राहतात, ते गिऱ्हाइकांचे फोन, मजुरांचा हिशेब आणि थोडी झोप यांसाठी राखून ठेव. सकाळी झाडाखाली उभे राहून फोनवर भाव ठरवणारा माणूस ना धड काढणीकडे लक्ष देतो, ना भावाकडे. रातांब्यांचेही असेच आहे. सालींना रसाची पुटे देऊन त्या पुन्हापुन्हा कडक उन्हात वाळवाव्या लागतात, आणि हे मृगाच्या आधी उरकले नाही तर बुरशी धरते. मे महिन्यात आंबा आणि आमसूल दोन्ही एकदम अंगावर येतात. त्यामुळे आमसुलांसाठी स्वतंत्र माणसे मार्चमध्येच बोलून ठेव, आणि तेवढी माणसे मिळाली नाहीत तर त्या वर्षी ऑर्डरी कमी घे. दिलेली तारीख चुकली की मुंबईचे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरीकडे जाते, आणि त्यात गैर काही नाही.

पावसाळा रिकामा समजू नकोस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर जाऊन बघ, जाळी आणि इंजिने दुरुस्त करणारे हात कसे चालू असतात. तुझ्याकडे त्या काळात खते घालणे, फांद्यांची विरळणी आणि कागदपत्रांची कामे आहेत. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचा अर्ज याच दिवसांत कर. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शंका विचारायलाही हीच वेळ बरी.

परप्रांतातला आंबा आपल्या पेटीत भरण्याचा सल्ला तुला नक्की कोणीतरी देईल. त्याला स्पष्ट नकार दे आणि त्या माणसाशी व्यवहारच ठेवू नकोस.

जून उजाडला की वही घेऊन दोन दिवस राहायला ये. पट्ट्या आणि खर्चाच्या पावत्या महिन्यावार लावून आण, म्हणजे वर्षभराचा तुझा पगार किती असावा, हे आपल्याला एकत्र बसून ठरवता येईल.

तुझा,
काका