मॅगी टलिव्हर लग्न न करता परत का आली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जॉर्ज एलियटच्या 'द मिल ऑन द फ्लॉस'मध्ये मॅगी स्टीफन गेस्टबरोबर होडीतून निघून जाते आणि लग्न न करताच परत येते. नाव तर गेलंच होतं, मग लग्न करून मोकळी का झाली नाही? ज्या भावाने, टॉमने, घराबाहेर काढलं त्याच्यासाठी शेवटी पुरात जीव का घातला? घरच्यांचा आणि समाजाचा इतका धाक होता का?

मी ही कादंबरी तीनदा वाचली आहे. पहिल्यांदा एम.ए.ला असताना वाचली तेव्हा माझाही अगदी हाच प्रश्न होता आणि टॉमचा मला मनापासून राग आला होता. आता वाटतं की 'घरचे आणि समाज' असं एका दमात म्हटलं की ही कादंबरी हातातून निसटते. एलियटने हे दोन वेगळे कायदे म्हणून रंगवले आहेत. गावाचा कायदा एक, रक्ताच्या माणसांचा दुसरा. बहुतेक वेळा ते एकाच तोंडाने बोलतात, म्हणून आपल्याला ते एकच वाटतात. मॅगी परत आल्यावर मात्र ते उघडउघड वेगळे होतात, आणि ज्या बाईकडून आपण काहीच अपेक्षा ठेवलेली नसते तिच्या तोंडून होतात.

त्यासाठी आधी मावश्या नीट बघायला हव्यात. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, पण मराठी वाचकाला इथे आयता फायदा आहे. मॅगीच्या आईकडच्या, डॉडसन घराण्यातल्या तीन मावश्या: ग्लेग, पुलेट आणि डीन. वडिलांकडची एक आत्या, मॉस, गरिबीत लग्न करून पडलेली. मावशी आणि आत्या म्हटलं की घरातली ओढाताण आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

डॉडसनांची रीत सगळ्यात निराळी. चादरी कशा धुऊन शुभ्र करायच्या, हॅम कसं मुरवायचं, मयताला कोणी काय घालायचं, सगळं ठरलेलं. परक्या घरी गेलेली डॉडसन बाई चहाबरोबर कोरडा पाव खाते, कारण त्यांच्या लोण्याची खात्री नाही, आणि मुरंब्यात साखर कमी पडून तो आंबला असेल अशी शंका. वाचताना हसू येतं. पण याच घराण्याबद्दल चौथ्या भागाच्या पहिल्या प्रकरणात एलियट एक गोष्ट सांगते आणि माझ्या मते सगळी कादंबरी तिच्यावर उभी आहे. नात्यातलं माणूस घराण्याला कमीपणा आणत असेल तर त्याला कडक शब्दांत सुनवायचं, पण घराण्याच्या वस्तूंतला त्याचा हक्काचा वाटा, अगदी बुटाच्या बकलाएवढासुद्धा, काढून घ्यायचा नाही. बोलणी पोटभर खावी लागतील, वाटा मात्र शाबूत.

या कायद्याची कोती बाजूही एलियट लपवत नाही. मॅगीचा बाप, पाणचक्कीचा मालक टलिव्हर, पाण्याच्या हक्कावरून कोर्टात जातो, हरतो आणि दिवाळं निघतं. घरातल्या सामानाची जप्ती होते. तेव्हा मॅगीची आई कोठीच्या खोलीत उघड्या पेटीपुढे बसून रडत असते. हातात टेबलावर अंथरायची कापडं. सूत तिने लग्नाआधी स्वतः कातलेलं, जॉब हॅक्सी नावाच्या विणकराने विणून तो तागा पाठीवरून घरी आणलेला, तो येताना ती दारात उभी राहून बघत होती. आणि कोपऱ्यावर तिने स्वतः काढलेलं नाव: एलिझाबेथ डॉडसन. माहेरचं नाव. माझ्या आईच्या पितळी डब्यावर तिच्या मामांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली आहे, त्यामुळे हे पान मला कधीच सरळ वाचता येत नाही. तिला लिलावाचं दुःख आहेच, पण खरं दुःख हे की आपलं नाव असलेली कापडं परक्यांच्या टेबलावर जाणार. बहिणींनी ती विकत घ्यावीत म्हणून ती गयावया करते. बहिणी येतात, नवऱ्यांसकट बैठक भरते, आणि उपदेशच जास्त होतो. इथे कायद्याचाही भाग आहे. कथा 1820-30 च्या दशकांतली. बायकोने कातलेली कापडं त्या काळी कायद्याने नवऱ्याची, म्हणून त्याच्या कर्जात गेली. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे आले ते 1870 आणि 1882 मध्ये.

पण त्याच बैठकीतला टॉम विसरू नका. आत्याने टलिव्हरकडून 300 पौंड घेतलेले असतात, त्याची चिठ्ठी घरात असते. देणेकऱ्यांच्या हाती ती पडली तर आत्याचा संसार उठला असता. सोळा वर्षांचा टॉम सर्वांसमोर सांगतो की आत्याकडून ते पैसे वसूल करू नयेत अशी वडिलांची इच्छा होती. ती चिठ्ठी नष्ट केली जाते. स्वतःच्या घरातली खुर्ची विकली जात असताना पोरगा हे करतो.

ही चिठ्ठी आणखी मागे जाते. पहिल्या भागात टलिव्हर पैशांची निकड लागली म्हणून बहिणीकडे वसुलीला जातो. मन घट्ट करून गेलेला असतो. बोलता बोलता तिच्या मुलींचा विषय निघतो. चार मुली, आणि प्रत्येकीला एकेक भाऊ, असं ती म्हणते. भावांनी त्यांच्यावर माया करावी, एकाच आईबापाची आहोत हे लक्षात ठेवावं, एवढीच तिची आशा. तो पैसे मागून निघतो खरा, पण थोडं पुढे जाऊन घोडा वळवतो. डोक्यात मॅगी आलेली असते: मी बहिणीशी कठोर वागलो तर उद्या टॉम तिच्याशी तसाच वागेल. परत जाऊन सांगतो, पैशांची काळजी करू नकोस. रक्ताचं देणं म्हणजे काय ते एलियट असं दाखवते. ते एका पिढीत फिटत नाही, पुढच्या पिढीच्या नावावर चढतं.

आता मॅगीच्या परत येण्याकडे वळू. स्टीफन हा तिच्या मावसबहिणीचा, ल्युसीचा, जवळजवळ ठरलेला नवरा. मॅगीनेही फिलिप वेकमला मन दिलेलं. ओहोटीबरोबर होडी वाहत गेली, दोघांना भान राहिलं नाही, रात्र एका जहाजावर काढावी लागली. सकाळी स्टीफन म्हणतो, आता मागे फिरण्यात अर्थ नाही, लोक काय म्हणायचं ते म्हणणारच. तुमच्या प्रश्नात आहे तोच त्याचा युक्तिवाद. मॅगी त्याला विचारते: भूतकाळाने आपल्याला बांधायचं नाही, तर मग कर्तव्य राहतं तरी कुठे?

या उत्तरात समाजाचं नावही नाही. समाजाला भिऊन ती परत आली असं म्हणताच येत नाही, कारण समाजाची सोय बघायची तर लग्नच करायला हवं होतं, आणि हे एलियट पुढे एका प्रकरणात सविस्तर लिहिते. मॅगी काही महिन्यांनी श्रीमंत गेस्टांची सून म्हणून नव्या कपड्यांत परतली असती, तर सेंट ऑग्जच्या, म्हणजे तिच्या गावच्या, बायांनी तिच्या प्रेमकथेचं कौतुकच केलं असतं. ती लग्नाशिवाय आली, म्हणून वाईट. स्टीफनने हॉलंडहून पत्र पाठवून सगळा दोष स्वतःवर घेतला, तरी काही फरक पडला नाही. गावाचा कायदा निकाल बघतो, कारण बघत नाही. मॅगी परत आली ती ल्युसी आणि फिलिपसाठी. ज्यांनी तिच्यावर विश्वास टाकला त्यांच्या दुःखावर तिला घर बांधायचं नव्हतं. ही ताकद तिला जिथून मिळाली ती जागा म्हणजे तिचं लहानपण, ती चक्की, तो भाऊ.

पाचव्या दिवशी ती चक्कीवर पोचते. टॉम म्हणतो, माझ्या घरात तुला जागा नाही. तेव्हा इतका वेळ फक्त कापडांसाठी रडणारी, आपण भोळसट समजलेली आई पुढे येते आणि म्हणते, मी येते तुझ्याबरोबर, तुला आई आहे. दोन ओळी आहेत फक्त.

आणि मग ग्लेग मावशी. जन्मभर मॅगीच्या केसांपासून रंगापर्यंत खोड काढणारी, पैशाला घट्ट, जिभेला धार. तिला कळतं की मॅगी घरी आली होती आणि टॉमने तिला घालवून दिली. ती तोंड सोडते, पण टॉमवर. पुरावा समोर येण्याआधीच स्वतःच्या बहिणीबद्दल वाईटातलं वाईट खरं धरलंसच कसं? अब्रूचा एक धागा जरी शिल्लक असला तरी आपल्या माणसामागे उभं राहायचं नाही, तर मग उभं राहायचं तरी कशामागे? ती मॅगीला स्वतःच्या घरी ठेवून घ्यायला तयार होते. बुटाच्या बकलाचा तो हास्यास्पद वाटलेला नियम इथे गावाविरुद्ध उभा राहतो. शिकलेला, कष्टाळू, कर्जं फेडणारा टॉम गावाच्या बाजूला गेला आणि खडूस मावशी रक्ताच्या बाजूला राहिली. तिसऱ्या वाचनात मी इथे थांबले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

टॉम असा का वागला याचं उत्तर लेखिकेच्या आयुष्यात आहे असं मला वाटतं, आणि तिने ते किती न्यायाने लिहिलं याचा मला फार आदर आहे. जॉर्ज एलियट म्हणजे मेरी ॲन इव्हान्स, 1819 मध्ये वॉरिकशरमध्ये जन्मलेली. भाऊ आयझॅक तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, लहानपणी ती त्याची सावली. 1854 पासून ती जॉर्ज हेन्री लुईस यांच्याबरोबर राहू लागली. लुईस विवाहित होते आणि त्यांना कायद्याने घटस्फोट मिळू शकत नव्हता. 1857 मध्ये तिने भावाला कळवलं, तेव्हा त्याने वकिलामार्फत उत्तर दिलं आणि संबंध तोडले. तीन वर्षांनी, 1860 मध्ये, ही कादंबरी आली. आयझॅक पुढेही गप्पच राहिला. लुईसच्या मृत्यूनंतर मे 1880 मध्ये तिने जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केलं, आणि 23 वर्षांनी भावाचं अभिनंदनाचं पत्र आलं. म्हणजे सेंट ऑग्जला जे हवं होतं तेच त्यालाही हवं होतं, लग्नाचा कागद. तिने मायेने उत्तर लिहिलं की इतक्या वर्षांच्या मौनाने लहानपणीची ओढ तुटली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती गेली.

या सगळ्यानंतर टॉमला खलनायक करणं तिला किती सोपं होतं! तिने त्याला चिठ्ठीचा प्रसंग दिला, बापाचं कर्ज फेडायला लावलं, आणि पुरात होडीवर मॅगी एकटीच त्याला आणायला आलेली पाहून त्याच्या तोंडी तिचं लहानपणीचं नाव घातलं: मॅगसी. पुराचा शेवट घाईने आणला आहे ही तक्रार मलाही मान्य आहे. तिथे मला दोघं जगलेली हवी होती, समोरासमोर बसून बोललेली.

पुन्हा वाचणार असाल तर एक करा. सातव्या भागाचं तिसरं प्रकरण, ग्लेग मावशी टॉमवर तोंड सोडते ते, वाचून झाल्यावर पहिल्या भागातलं सातवं काढा, मॅगी रागाच्या भरात स्वतःचे केस कापते आणि सगळ्या मावश्या जेवायला जमलेल्या असतात ते. ग्लेग मावशी तिथे काय बोलते ते बघा, आणि आवाज तोच आहे का ते बघा.