फोन विकला, पण खातं त्यातच राहिलं

प्रश्न : मी माझा जुना आयफोन ओळखीतून आलेल्या एका गृहस्थांना विकला. सिम काढलं, व्हॉट्सॲप आणि बँकेची ॲप उडवली, पासकोड बंद केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पैसे रोख मिळाले, कागद काहीच केला नाही. काही दिवसांनी माझ्या नव्या फोनवर अनोळखी लहान मुलांचे फोटो दिसायला लागले आणि माझे जुने फोटो एकेक करून गायब झाले. विचारलं तर म्हणाले, ‘जागा हवी होती म्हणून तुमचे फोटो काढले.’ नंतर त्यांनी कुणाकडून तरी फोन कॉम्प्युटरला जोडून कोरा करून घेतला आणि आता तो फोन माझा ॲपल आयडी आणि पासवर्ड मागतोय. पासवर्ड सांगा नाहीतर पूर्ण पैसे परत करा, नाहीतर फसवणुकीची तक्रार करतो, असं ते म्हणतात. शेवटच्या मेसेजमध्ये ‘तुमचं सगळं पाहिलंय मी’ असंही लिहिलंय. माझा भाऊ म्हणतो, फोन चोरीला गेल्याची तक्रार देऊन तो बंदच करून टाक. मी काय करू?

उत्तर : पासवर्ड देऊ नका आणि चोरीची तक्रारही देऊ नका. कायद्याचं पुढे बघू, त्याआधी दोन कामं आजच उरका, कारण त्यातलं एक मुदतीचं आहे.

तुमच्या नव्या फोनवर फोटो ॲपमधला ‘रीसेंटली डिलीटेड’ हा अल्बम उघडा. आयक्लाउडवरून, म्हणजे ॲपलच्या इंटरनेटवरच्या साठ्यातून, काढलेले फोटो तिथे ३० दिवस राहतात, त्यानंतर कायमचे जातात. त्या गृहस्थांनी जे काढले ते अजून तिथे असतील तर सगळे परत घ्या. झालं असं की विकलेल्या फोनवर तुमचं खातं चालूच होतं, त्यामुळे दोन्ही फोनवर एकच फोटोसंग्रह दिसत होता. त्यांनी तिकडे पुसलेला फोटो तुमच्याकडूनही गेला आणि त्यांनी तिकडे टिपलेला नवा फोटो तुमच्याकडे आला. तुम्हाला दिसलेली मुलं बहुधा त्यांच्या घरातली आहेत.

दुसरं काम म्हणजे तो फोन खात्यातून मोकळा करणं. त्यासाठी पासवर्ड कुणालाही सांगावा लागत नाही आणि फोन हातात असण्याचीही गरज नाही. कॉम्प्युटरवर आयक्लाउडच्या वेबसाइटवर तुम्ही स्वतः लॉग इन करा, ‘फाइंड डिव्हायसेस’मध्ये जुना फोन निवडा आणि ‘रिमूव्ह धिस डिव्हाइस’ करा. फोन त्यांनी आधीच कोरा केलेला आहे, त्यामुळे पुन्हा ‘इरेज’ करण्याचं कारण नाही. नुसतं ‘इरेज’ करून थांबलं तर कुलूप तसंच राहतं, लोक नेमके इथे चुकतात. तिथेच ‘लॉस्ट मोड’चा, म्हणजे हरवलेला फोन दुरून कुलूपबंद करण्याचा, पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका. काढून झाल्यावर त्यांना फोन बंद करून पुन्हा चालू करायला सांगा. तो तुमचं नाव न विचारता नव्या फोनसारखा सुरू व्हायला हवा.

हे कुलूप म्हणजे ॲक्टिव्हेशन लॉक. ॲपलने ते २०१३ मध्ये आणलं, चोराला फोन कोरा करून वापरता किंवा विकता येऊ नये म्हणून. ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय चालू असलेला आयफोन कॉम्प्युटरला जोडून कितीही वेळा पुसला, तरी सुरू करताना तो मूळ खातं मागतोच. तुमच्या गिऱ्हाइकाने फोन चोरलेला नाही, पण फोनला तसंच वाटतंय, कारण तो विकल्याचं तुम्ही त्याला कधी सांगितलंच नाही.

पासवर्ड का नको, तेही सांगतो. त्या एका खात्यात तुमचे फोटो, बॅकअप, नोट्स, बऱ्याचदा बाकीच्या ठिकाणचे जतन केलेले पासवर्डसुद्धा असतात. शिवाय वकील म्हणून माझी आणखी एक काळजी आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६क (66C) खाली गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तुम्ही स्वतःहून पासवर्ड दिलात आणि पुढे त्याचा गैरवापर झाला, तर समोरचा ‘यांनीच दिला होता’ म्हणून मोकळा होतो आणि त्याचा हेतू सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. फोनवर येणारा सहा आकडी पडताळणी कोड हाही पासवर्डच समजा. फोन खात्यातून काढला की पासवर्ड बदला आणि खात्याला जोडलेल्या उपकरणांच्या यादीत ओळखीचीच नावं उरली आहेत ना, हे पाहून घ्या.

आता त्यांच्या तक्रारीच्या धमकीबद्दल. फसवणूक हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतो. त्यासाठी व्यवहार करतानाच तुमच्या मनात फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. फोन तुमचाच होता, तुम्ही तो उघडा करून दिला, ते काही दिवस वापरतही होते. यात तो हेतू कुठेच दिसत नाही. मात्र म्हणून तुमची काहीच जबाबदारी नाही, असं मी म्हणणार नाही. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १४ प्रमाणे विकलेली वस्तू घेणाऱ्याला निर्वेधपणे वापरता येईल, ही हमी विकणाऱ्याकडून गृहीत धरलेली असते, तोंडी व्यवहारातसुद्धा. तुमच्या खात्यामुळे फोन बंद पडून राहिला, तर या हमीचा भंग झाला असा युक्तिवाद ते करू शकतात, आणि तो पोकळ नाही. पण अशा भंगासाठी कलम ५९ खाली किंमत कमी करून किंवा नुकसानभरपाई मागता येते. तेवढ्याच कारणावरून वस्तू परत करून सगळे पैसे मागण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. आणि तुम्ही आज कुलूप काढलंत तर भरपाई मागायलाही फारसं काही उरत नाही. ग्राहक आयोगात जाईन म्हणाले तर घाबरू नका. स्वतःचा वापरलेला फोन एकदाच विकणारी व्यक्ती व्यापारी ठरत नाही, त्यामुळे तो मार्ग त्यांना इथे उपयोगी पडणारा नाही.

भावाचा सल्ला मात्र तुम्हाला खरोखर अडचणीत आणेल. त्यामागची माया मी समजू शकतो, पण तो ऐकू नका. पैसे घेऊन फोन दिला त्या क्षणी तो फोन त्यांचा झाला. विक्रीला कागद लागतोच असं नाही, तोंडी विक्रीही कायद्याने पूर्ण विक्री असते. असा फोन चोरीला गेला म्हणून पोलिसांना सांगणं म्हणजे दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं, आणि न्याय संहितेच्या कलम २१७ मध्ये तो गुन्हा आहे. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून हरवलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बंद करण्याची सोय आहे, ती खऱ्या चोरीसाठी आहे. रागाच्या भरात दुरून फोन पुसणं किंवा ‘लॉस्ट मोड’ लावणं हेही त्याच माळेतलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधली माहिती नष्ट करणाऱ्याला किंवा मालकाचाच वापर अडवणाऱ्याला भरपाई द्यायला लावतं आणि हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ खाली तो गुन्हा होतो. मोबाइल फोन या कायद्यातल्या कॉम्प्युटरच्या व्याख्येत बसतो, हे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलेलं आहे. तुम्ही इतकी वर्षं वापरलेला फोन असला तरी आज तुम्ही त्याचे मालक नाही. बटण मात्र अजून तुमच्या हातात आहे. या प्रकरणातला खरा धोका मला तिथेच दिसतो.

त्यांचे फोटो तुमच्याकडे आहेत, हा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलात. माझ्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. त्यांनी फोन कोरा केला, म्हणजे मधल्या दिवसांतले त्यांच्या मुलांचे फोटो आज कदाचित फक्त तुमच्या खात्यातच शिल्लक असतील. ते चाळत बसू नका, कुणाला दाखवू नका, आणि घाईने पुसूनही टाकू नका. त्यांना परत द्या, मिळाल्याचा मेसेज येऊ द्या आणि मग तुमच्याकडून काढा. फोन खात्यातून सुटलेला असल्यामुळे आता इकडे काढल्याने तिकडे काही जाणार नाही. तुमचे फोटो त्यांनी काढले त्याबद्दल तुम्हाला राग आहे आणि तो रास्त आहे, पण फोनमधली जागा मोकळी करणाऱ्या माणसाचा हेतू अप्रामाणिक होता असं म्हणून फौजदारी प्रकरण उभं राहणार नाही. ते फोटो परत मिळाले तर विषय तिथेच सोडा असं माझं मत आहे.

‘तुमचं सगळं पाहिलंय मी’ या वाक्याचं वजन वेगळं आहे. नुसतं तेवढं लिहिल्याने खंडणी होत नाही. पण पुढचा मेसेज ‘पैसे द्या, नाहीतर फोटो बाहेर काढतो’ असा आला, तर ते सरळ न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये जातं. तसं झालं तर एक रुपयाही देऊ नका, १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. तोपर्यंत एकही मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढाच, पण मूळ संभाषण ज्या फोनवर आहे तो फोनही जपा, तो बदलू किंवा रीसेट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ उपकरण शाबूत असेल तर ते देणं सोपं जातं.

त्यांच्याशी फोनवर वाद घालू नका, सगळं लिहून करा. कुलूप काढल्यावर असा मेसेज पाठवा : ‘मी तुम्हाला अमुक तारखेला विकलेला आयफोन, आयएमईआय क्रमांक अमुक, आज इतक्या वाजता माझ्या ॲपल खात्यातून कायमचा काढला आहे. फोन बंद करून पुन्हा चालू करा आणि सुरू झाल्याचं कळवा. तुमचे काही फोटो माझ्या खात्यात आले आहेत, ते कसे पाठवू ते सांगा. माझ्या खात्यातली कोणतीही माहिती तुमच्याकडे राहिली असल्यास ती नष्ट करून तसं लिहून कळवा.’ यात आरोप नाही, माफी नाही, आणि तुमच्या बाजूने जे करायचं ते सगळं आलं. आयएमईआय तुमच्या खोक्यावर किंवा बिलावर सापडेल.

तो क्रमांक आणखी एका कारणासाठी हवा आहे. उद्या त्या फोनवरून काही गैरप्रकार झाला तर पोलीस आयएमईआयवरून मागे मागे येत बिलापर्यंत, म्हणजे तुमच्यापर्यंत पोहोचू शकतात. सिम तुमचं नाही हे तुमच्या बाजूचं आहे, पण फोन तुमच्या ताब्यातून कोणत्या दिवशी गेला हे दाखवायला आज तुमच्याकडे काहीच नाही. म्हणून उशिरा का होईना, साधी पावती करा. स्टँपपेपर लागत नाही. फोनचं मॉडेल, आयएमईआय, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, मिळालेली रक्कम, फोन खात्यातून मोकळा केल्याचा उल्लेख, दोघांची नावं आणि सह्या, एवढं पुरे. दोघांनी एकेक प्रत ठेवावी. पावती त्यांच्याही फायद्याची आहे, कारण घेतलेला फोन चोरीचा नाही हे त्यांना त्यातूनच दाखवता येतं. सही करायला तयार नसतील तर मेसेजला आलेलं ‘फोन सुरू झाला’ हे उत्तरही उपयोगी पडेल.

घरातला दुसरा कुणी फोन विकणार असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी बॅकअप, मग घड्याळ वगैरे जोडलेलं असेल तर ते सोडवणं, मग खात्यातून साइन आउट, आणि शेवटी सेटिंगमधूनच ‘इरेज ऑल कंटेंट’. एकेक फोटो, एकेक संपर्क हाताने काढू नका, खातं चालू असताना तसं केलं तर ते आयक्लाउडवरूनही जातात. आयफोनमधली माहिती कूटबद्ध असते आणि पूर्ण इरेज करताना तिची किल्लीच नष्ट होते, म्हणून काम थोड्या वेळात होतं आणि माहिती परत काढता येत नाही. ई-सिम असेल तर तेही पुसायचं का, हे फोन विचारतो, तिथे नीट वाचून उत्तर द्या.

अँड्रॉइडवर हेच कुलूप २०१५ मधल्या ५.१ आवृत्तीपासून आहे. तिथे सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं आणि कंपनीचं वेगळं खातं असेल तर तेही काढा, आणि मगच सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करा. बाजूची बटणं दाबून रीसेट केलं तर फोन जुनं खातं मागत बसतो. मेमरी कार्ड काढून घ्या. रीसेटनंतर फोन घेणाऱ्यासमोर सुरू करा आणि तो कुणाचंही नाव न विचारता पहिल्या ‘स्वागत’ पडद्याच्या पुढे जातोय हे दोघांनी पाहिल्यावरच पैसे घ्या आणि पावतीवर सह्या करा.