राजापूर तालुक्यात आमच्या जागेत वीतभर मातीखाली जांभा (तांबडा, सच्छिद्र दगड) लागतो. अशा कातळावर हापूसची कलमं लावायची आहेत. खड्डे किती मोठे घ्यावेत आणि त्यात काय भरावं?

तुम्ही राजापूर तालुक्यातली जागा म्हणताय आणि वीतभर मातीखाली जांभा लागतोय, म्हणून त्याच हिशेबाने सांगतो. आमची बाग रत्नागिरीकडे अशाच जमिनीत आहे.

माप सोपं आहे, 1 मीटर लांब, रुंद आणि खोल. दोन कलमांत पारंपरिक अंतर 10 मीटर. दरवर्षी छाटणी करायची तयारी असेल तर 5 बाय 5 वरही लावतात. खोदाई एप्रिलमध्येच उरका, म्हणजे खड्डे महिनाभर उन्हात तापतील. वरची काळपट माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायला गड्यांना आधीच बजावून ठेवा. एकदा ढीग एकत्र झाला की निवडत बसायला कोणी येत नाही.

पण कातळात खरा प्रश्न खताचा नसून पाण्याचा असतो. ब्रेकर लावून फोडलेला खड्डा म्हणजे दगडी हौदच. आपल्याकडे पाऊस 3,000 मिलिमीटरच्या वर पडतो. ते पाणी आत साचलं की मुळं कुजतात, आणि लोक म्हणतात रोपवाटिकेने कलम वाईट दिलं. म्हणून भरण्याआधी एका खड्ड्यात दोन-तीन पिंपं पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत चर मारा, किंवा ब्रेकरने तळालाच भेगा पाडून घ्या. तळाला गोटे घातले की निचरा होतो असं बरेच जण सांगतील. त्याचा उपयोग नाही. बाहेर जायला वाट नसेल तर पाणी गोट्यांतही साचतंच.

भरताना तळाला सुका पालापाचोळा घाला. त्यावर वरची माती, तीन-चार घमेली शेणखत आणि दोन-अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) असं सगळं नीट कालवून टाका. जांभ्याच्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर असतं, ते स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं आणि झाडाला मिळू देत नाही. म्हणून सुपर फॉस्फेट नुसतं मातीत भुरभुरू नका, शेणखतात मिसळूनच द्या. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, अर्धकच्च्या खताला वाळवी हमखास येते. माती कमी पडणार हे धरूनच चाला. कातळावर बाहेरून आणावीच लागते, आणि खर्चात सगळ्यात मोठा आकडा तोच असतो.

खड्डा जमिनीच्या वर वीतभर उंच भरा. पहिल्या पावसात माती बसते. मग हवी तर आणखी घाला आणि त्यानंतरच कलम लावा, साधारण जूनअखेर ते जुलै. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. तिथली प्लॅस्टिकची पट्टी काचत असेल तर सोडवून टाका. जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडा, नाहीतर हापूस राहील बाजूला आणि ज्यावर कलम बांधलंय तो रायवळ, म्हणजे गावठी आंबा, वाढेल.

आधाराला काठी वाऱ्याच्या बाजूने रोवा. पाऊस संपला की बुंध्याभोवती गवताचा जाड थर द्या. कातळ ऑक्टोबरातच तापायला लागतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं पाण्याची सोय हवीच. ती नसेल तर यंदा वीसऐवजी दहाच खड्डे घ्या.