यकृत येत होतं, एक्सेल अडलं

"हिला मेडिकल ऑफिसचं सर्टिफिकेट करायचंय, पण सायन्स झेपेल का, एवढाच प्रश्न आहे." बोलत होता नवरा. बाई टेबलावरच्या माझ्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातल्या) एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या सरकारी कॉलेजात, समुपदेशक आहे. असं मराठी जोडपं अधूनमधून समोर येऊन बसतं आणि विचारणं बहुतेक हेच असतं: शिक्षण सुटून पंधरा-वीस वर्षं झाली, शाळा मराठी माध्यमाची, आता इंग्रजीतून जीवशास्त्र जमेल का? (या बाईंना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

बाई साताऱ्याकडच्या, बी.कॉम. शेवटचा पेपर सतरा वर्षांपूर्वी दिलेला. एच-फोर व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्यावर, आलेल्या आणि नुकताच कामाचा परवाना हातात पडलेला. दवाखान्याच्या फ्रंट डेस्कवर नोकरी करायची होती. त्यासाठी सुरुवातीला दोन कोर्स: ह्युमन बायॉलॉजी आणि ऑफिसपुरतं कॉम्प्युटर, म्हणजे वर्ड, एक्सेल, फाइली, ईमेल. पैशांची अडचण नव्हती. राज्यात वर्षाहून जास्त राहून इथलं वास्तव्य सिद्ध केलं की एच-फोरवाल्यांनाही इथल्या रहिवाशांच्याच दराने युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्स केवढा मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलरच पडतात.

"कॉम्प्युटरचं काही नाही हो," नवरा म्हणाला, "घरी मी आहेच." मीही मान डोलावली. तिथेच चुकलं माझं.

बाईंना मी विचारलं, "दहावीला पचनसंस्था होती ना? काय आठवतंय?" जरा थांबून त्यांनी सुरुवात केली. अन्ननलिका, जठर, लहान आतडं. पित्तरस यकृतात तयार होतो, साठतो पित्ताशयात. स्वादुपिंडातून इन्सुलिन. एकदाही नवऱ्याकडे बघितलं नाही. म्हटलं, बाई, हा अर्धा धडा झाला, आता फक्त नावं बदलायची आहेत.

मग आम्ही वहीत दोन रकाने पाडले. वैद्यकातले शब्द ग्रीक-लॅटिनमधून आलेले, आणि त्या भाषांचं संस्कृतशी जुनं नातं. दंत आणि डेंटल, नासिका आणि नेझल, अस्थी आणि ऑस्टिओ. गुडघ्याला लॅटिनमध्ये 'जेनू' म्हणतात, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आजानुबाहूतला जानू?" तोच. स्वादुपिंड आणि पॅन्क्रिआसचं मात्र कुठेच जुळत नाही, ते सरळ पाठ करायचं. पहिल्या परीक्षेत मार्क बेताचेच पडले, पण सेमिस्टर संपताना बी ग्रेड होती.

बुडत होत्या त्या दुसऱ्याच कोर्समध्ये. मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळायच्या म्हणून मीच त्यांना एक्सेलचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग घ्यायला लावला होता. इथला ठोकताळा असा की युनिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. तीन युनिटांचे नऊ तास. तोच कोर्स सोळाऐवजी आठ आठवड्यांत उरकायचा तर अठरा. 'सोपा आहे' म्हणून हे गणित मी मांडलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात त्या एकट्याच आल्या. "मॅडम, मला वाटलं मी असाइनमेंट सबमिट केली." लॅपटॉप नवऱ्याचा, लॉगिन त्याचं, त्यामुळे फाइल त्याच्याच खात्यात जाऊन बसलेली. ईमेल आयडी घरात मिळून एक. कॉलेजची पत्रं विजेच्या बिलांखाली गाडलेली. एक्सेलच्या तक्त्यात बेरीज बिनचूक होती, पण ती तोंडी करून टाइप केलेली. मी वरचा एक आकडा बदलून दाखवला, खालची बेरीज जागची हलली नाही. बी.कॉम.चं डोकं, सूत्राची गरजच वाटली नव्हती! आणि रात्री कुठे अडलं की नवरा माउस ओढून घ्यायचा, "दे इकडे, दोन मिनिटांत करतो." करायचाही. पुढच्या वेळी त्या पुन्हा तिथेच अडायच्या.

मी कोर्स सोडायला सांगितलं. रडल्याच. त्यांच्या लेखी सोडणं म्हणजे नापास. तसं नसतं. सुरुवातीच्या ठरावीक तारखेआधी नाव काढलं तर गुणपत्रकावर काहीच उमटत नाही. त्यानंतर, कोर्सचा पाऊण भाग होईपर्यंत सोडला तर 'डब्ल्यू' (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडला) असा शेरा लागतो, पण तो ग्रेडच्या सरासरीत धरत नाहीत. त्यांना डब्ल्यू लागला.

मग आमच्याकडच्या बिनफीच्या, बिनग्रेडच्या वर्गात बसवलं. सकाळचा, समोर शिक्षिका असलेला. ग्रंथालयातून त्यांच्या नावावर लॅपटॉप घेतला, स्वतंत्र ईमेल उघडला, पासवर्ड त्यांनीच ठरवला. घरी निरोप धाडला की शेजारी बसा हवं तर, पण हात मागे बांधून. पुढच्या आठवड्यात नवऱ्याचा मला फोन, "कसं चाललंय तिचं?" सांगता आलं नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या १९७४च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजातल्या विद्यार्थ्याची अशी माहिती त्याच्या लेखी परवानगीशिवाय सहसा घरच्यांनाही देता येत नाही. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री केली, "म्हणजे माझे मार्क ह्यांना दिसत नाहीत?" परवानगीचा फॉर्म त्यांनी अजून भरलेला नाही.

तेव्हापासून 'सायन्स झेपेल का' विचारत कुणी आलं, की मी आधी त्यांना कीबोर्डवर बसवते. एक फोल्डर करा, त्यात फाइल ठेवा, तीच फाइल स्वतःच्या आयडीवरून मला पाठवा. एवढं जमलं की मग यकृताचं बघू. न जमल्यास पहिल्या सेमिस्टरला तो बिनफीचा वर्ग आणि सोबत फक्त बायॉलॉजी, तीही पूर्ण सोळा आठवड्यांची.

बाईंनी पुढल्या सेमिस्टरला एक्सेल पुन्हा घेतलं आणि पास झाल्या. परवा त्यांचा ईमेल आला, स्वतःच्या आयडीवरून. आता अ‍ॅनाटॉमी घ्यावी म्हणतात. एकच शंका होती: "लॅबमध्ये मांजर कापायला देतात म्हणे, खरं का? आमच्या घरी मांजर आहे हो." काही ठिकाणी देतात. नाव घालण्याआधी तिथल्या प्राध्यापकांनाच विचारा, असं कळवलंय.