खर्डा-भाकरी खाल्लीत, आता सही करा

हे पत्र आपल्या साताऱ्यातूनच आलंय, यादोगोपाळ पेठेतल्या एका ताईंचं. वय 51, नवऱ्याचं दुकान, लेक पुण्यात नोकरीला. थोडक्यात सांगते काय लिहिलंय. यांना गावातलं काहीच चुकवायला आवडत नाही, जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा ग्रंथ महोत्सव, ग्रंथदिंडी, शाहू कला मंदिरातलं नाटक, आणि 1993 नंतर थेट 2026 च्या जानेवारीत साहित्य संमेलन परत साताऱ्यात आलं, 99 वं, तेव्हा तर या चारही दिवस शाहू स्टेडियमवर. तितक्याच हौसेने त्या कलेक्टर ऑफिससमोरच्या मोर्च्यांना आणि ठिय्यांना पण जातात, हलगी, घोषणा, पाटण-जावळी तालुक्यांतल्या धरणग्रस्त बाया, सगळं इतकं रंगून लिहिलंय की वाचताना मलाच उठून जावंसं वाटलं. आता लेक फोनवर म्हणाली, "आई, लोकांचं दुःख म्हणजे तुझी करमणूक आहे का गं?" तेव्हापासून यांना झोप नाही. विचारतात, आंदोलनात मजा वाटणं चूक आहे का?

ताई, नाही. चूक नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सभेला लोक काय तोंड पाडून बसायचे का, रांगडं बोलणं, टोमणे, हशा, आणि त्याच लोकांनी या जिल्ह्यात प्रतिसरकार चालवून दाखवलं. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच, त्यांच्या कलापथकाच्या तमाशाला कामगार पोट धरून हसायचे आणि संपाला पण उभे राहायचे. आपल्याकडे मोर्चा आणि गाणं कधी वेगळं नव्हतंच, ज्याला तिथे आनंद होत नाही तो दुसऱ्यांदा येतच नाही. त्यामुळे मजेचा विषय माझ्याकडून संपला.

मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचंय. तुमच्या चार पानी पत्रात एक ओळ आहे, तिसऱ्या पानाच्या तळाशी, एका आजींनी तुम्हाला फडक्यातली खर्डा-भाकरी दिली ते वर्णन संपल्यावर लगेच. "मग निवेदनावर सह्या घ्यायला लागले तशी मी निघाले, ह्यांचं दुकान आहे, उगाच यादीत नाव कशाला." आणि पुढच्या ओळीत तुम्ही रिक्षात बसलात सुद्धा!

ही ओळ वाचून मला राग आला, खोटं कशाला बोलू. कारण याच पत्रात तुम्ही कौतुकाने लिहिलंय की ग्रंथ महोत्सवात प्रत्येक अभिप्राय वहीत तुम्ही पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर लिहून येता. म्हणजे कविता आवडली तर नाव द्यायला तुम्हाला काहीच वाटत नाही आणि ज्या बाईच्या फडक्यातली भाकरी खाल्लीत तिच्या कागदावर नाव लिहायचं म्हटलं की दुकान आठवतं. लेकीचं वाक्य टोचलं ते मजेमुळे नाही टोचलं, या एका ओळीमुळे टोचलं, आणि हे तुम्हालाही आतून माहीत आहे म्हणून तर ती ओळ लिहिलीत.

ती आजी कोण होती हे तरी बघा. कोयना धरणग्रस्त, तुम्हीच लिहिलंय. 1960 च्या दशकात धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, माणसं उठवली, त्या पाण्यावर 1960 मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे आणि ज्यांची शिवारं गेली त्यातल्या कित्येकांचा जमिनीचा प्रश्न अजून लोंबकळतोय, आता नातवंडं मोर्च्याला यायला लागली. असले ठिय्ये मी बरेच बघितलेत. दुपारी ऊन चढलं की तो कागद फिरायला लागतो, अनुक्रमांक, नाव, गाव, सही असे रकाने हाताने आखलेले, सोबत शाईचं पॅड, कारण म्हाताऱ्या माणसांना अंगठा लावायचा असतो, अंगठा लावून झाला की बाया तो लुगड्याच्या काठाला पुसतात. मग शिष्टमंडळ आत जातं, आवक विभागात निवेदन देतं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतं. घोषणा हवेत जातात, ती पोच राहते, पुढच्या वर्षी हीच प्रत दाखवून विचारता येतं की साहेब, याचं काय झालं?

आणि त्या यादीत गावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत पाटण, जावळी, पाटण, जावळी एवढंच असतं. सातारा शहर दिसत नाही. मग आतला माणूस म्हणणारच ना की हा धरणग्रस्तांचा प्रश्न आहे, बाकी कुणाला पडलेलं नाही. तुमच्या पेठेतलं एक नाव त्या रकान्यात असणं म्हणूनच मोलाचं आहे, तुम्ही शंभर घोषणा दिल्यात त्याहून जास्त.

दुकानाची भीती मी फार मनावर घेणार नाही. निवेदनावर सही करणं हा गुन्हा नाही, शांततेने आणि विनाशस्त्र जमायचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये लिहिलेला आहे. 9 सप्टेंबर 1942 ला याच जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतची माणसं गेली. त्यांनाही घरदार होतं. तुमच्याकडे कुणी तेवढं मागत नाहीये, एक सही मागतायत. एखादं गिऱ्हाईक तोंड वाकडं करेल, करू दे की.

लेकीला खुलासा देत बसू नका आणि मोर्च्यांना जाणं बंद तर अजिबात करू नका. पुढचा ठिय्या लागला की जा, हलगी वाजली की टाळ्या वाजवा, कुणी भाकरी दिली तर पोटभर खा. कागद आला की पूर्ण नाव लिहा, गावाच्या रकान्यात सातारा शहर असं स्वच्छ अक्षरात, खाली सही. आणि शिष्टमंडळ पोच घेऊन बाहेर येईपर्यंत रिक्षा बघायची नाही, संध्याकाळ झाली तरी.