दात किडतो, कान किटतो

नेरुळच्या एका दंतचिकित्सालयात साहाय्यक म्हणून नव्याने रुजू झालेल्या ताईंनी विचारले आहे की, रुग्णाच्या नोंदपत्रावर ‘दाताला कीड’ आणि ‘दातावर किटण’ हे शब्दप्रयोग एकाच अर्थाने लिहिले तर चालतील का, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ‘किटण’ हा ‘कीड’चाच भाऊबंद आहे. चालणार नाहीत, आणि भाऊबंद तर मुळीच नाही. ठाण्यात नौपाड्यातून जाताना ‘दातांवरील कीड मशीनने साफ करून मिळेल’ अशी एक पाटी मी गेली कित्येक वर्षे वाचतो आहे. मशीनने खरवडून निघते ते किटण. कीड दातावर बसत नाही, ती दाताच्या आत शिरते, आणि ती साफ करायची नसून कोरून काढून तेथे सिमेंट भरायचे असते.

‘कीड’ या शब्दाचा इतिहास सरळ आहे. संस्कृत ‘कीट’ म्हणजे किडा. दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला ‘ट’ प्राकृतात ‘ड’ होतो. घोटकाचा घोडा झाला (घोडबंदरातला घोडा तोच), वटाचा वड झाला, तशी कीटाची कीड झाली. खरी गंमत ‘किटण’ची आहे. त्याचे मूळ ‘किट्ट’, म्हणजे मळ, गाळ, टाकाऊ अंश. आयुर्वेदात पचलेल्या अन्नाचे सार आणि किट्ट असे दोन भाग मानतात, आणि लोखंडाच्या किट्टाला मंडूर म्हणतात. ‘ट्ट’ हे जोडाक्षर असल्यामुळे तो मऊ पडून ‘ड’ होत नाही; एक ‘ट’ गळतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो. पट्टाचा पाट, हट्टाचा हाट आणि किट्टाचा कीट. म्हणजे संस्कृतातला कीट मराठीत कीड होऊन बसला, आणि मराठीतल्या कीटाचा किड्याशी काडीचाही संबंध राहिला नाही. समईच्या कडेला तेल आणि काजळी मिळून जो चिकट काळा थर जमतो, तो कीट. शर्टाची कॉलर किटते ती त्यामुळेच.

आणि कान किटतात तेही त्यामुळेच. या मुद्द्यावर आमच्या एका व्युत्पत्तिप्रेमी स्नेह्यांशी माझा जुना वाद आहे. त्यांच्या मते, कानात किडा वळवळावा तसा त्रास होतो म्हणून ‘कान किटले’ म्हणतात. तसे असते तर कान किडले असते! मराठीने ‘किडणे’ आणि ‘किटणे’ ही दोन क्रियापदे शतकानुशतके वेगळी सांभाळली आहेत, आणि दात किटला किंवा कॉलर किडली असे कोणतेही शेंबडे पोरसुद्धा म्हणत नाही. तीच तीच गोष्ट ऐकून कानावर थरावर थर चढतो, हा त्या प्रयोगातला भाव आहे. स्नेह्यांना हे तीनदा सांगून झाले आहे. आता माझ्या कानांबरोबर त्यांचेही कान किटले असतील.

तोंडातली प्रत्यक्ष घडामोडही हाच भेद दाखवते. दातावर आधी जिवाणूंचा मऊ, चिकट थर बसतो, तो ब्रशने निघतो. राहून गेला, तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरून तो दगडासारखा घट्ट होतो. हेच किटण. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडील बाजूस ते हमखास सापडते, कारण लाळेच्या नलिका तेथे जवळच उघडतात. त्याच्या कडेने हिरडी लाल होते, सुजते, आणि ब्रश लागताच रक्त येते. कीड लागते तेव्हा त्याच मऊ थरातले जिवाणू साखरेचे आम्ल करतात, आणि सामू (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. पहिली खूण काळा खड्डा ही नसून खडूसारखा निस्तेज पांढरा डाग ही असते. दात हवेने सुकवला की तो अधिक स्पष्ट दिसतो. किडा येथे कोठेच नाही, हे पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. तरी मराठीतली ‘कीड’ चुकीची ठरत नाही. धान्याला, लाकडाला लागते तशी आतून पोखरणारी ती कीड, एवढाच तिचा अर्थ.

सुश्रुताने दातांचे जे आठ रोग सांगितले, त्यांतही ‘कृमिदंतक’ (म्हणजे कीड) आणि ‘दंतशर्करा’ (म्हणजे किटण) हे वेगवेगळे आहेत. दंतशर्करा म्हणजे दातांवर बसलेली साखर, असा अर्थ मी एका व्याख्यानात ऐकला आणि उठून गेलो. ‘शर्करा’चा मूळ अर्थ खडे, वाळूची कच. उसाच्या रसाचेही तसेच खडे होतात, म्हणून ते नाव पुढे साखरेला मिळाले. किटणाला डॉक्टर ‘कॅल्क्युलस’ म्हणतात, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थही लहान खडा असाच आहे.

ताईंच्या प्रश्नाकडे यायचे तर, खालच्या दातांमागचा कठीण पिवळट थर ‘किटण’ म्हणून नोंदवावा, आणि डाग, खड्डा किंवा पोकळी असेल तेथे ‘कीड’ लिहावी. जाहिरातींतून आलेला ‘किटाणू’ दोन्हीकडे नको, त्यासाठी आपल्याकडे जंतू आहेत. शुद्धतेच्या आग्रहापायी ‘कीड’ खोडून ‘दंतक्षय’ लिहा असे सांगणारेही भेटतील. त्यांनी एकदा प्रतीक्षाकक्षात बसून पाहावे. ‘क्षय’ एवढेच कानावर पडलेल्या एका आजींनी माझ्यादेखत नातवाला छातीचा एक्स-रे काढायला न्यायची तयारी केली होती. आणि ‘कीट’मधला ‘की’ दीर्घ असला, तरी ‘किटण’मधला ‘कि’ ऱ्हस्व आहे; ताईंच्या पत्रात तो बरोबर होता.