सव्वा तासाचा थांबा

प्रश्न : माझा मुलगा नववीत, क तुकडीत आहे. शाळा पाचला सुटते, आमची एसटी सव्वासहाला येते. महिन्याभरात तिसऱ्यांदा थांब्यावर मारामारी झाली. या वेळी त्याने वरच्या वाडीतल्या मुलाच्या दंडात कर्कटक खुपसलं, दोन टाके पडले. मुख्याध्यापक म्हणतात, दाखला घेऊन जा. याचे वडील मुंबईला, फोनवर नुसते ओरडतात. पोर असं नव्हतं हो. त्याच्या डोक्यात काही बिघाड असेल का?
– एक आई, ता. गुहागर

उत्तर : ताई, आधी मुलाला घेऊन त्या दुसऱ्या पोराच्या घरी जा आणि दवाखान्याचा खर्च द्या. बाकीचं मग.

त्याच्या डोक्यात काय आहे ते मी पत्रावरून सांगू शकत नाही. पण तिन्ही वेळा मारामारी थांब्यावरच झाली, घरी नाही की वर्गात नाही. सव्वा तास, दोन वाड्यांची पोरं, भुकेली, मोठं माणूस एकही नाही. आणि बघायला गर्दी! तिथे जो मार खाऊन गप्प बसतो, त्याला वाडीत कोण विचारतो? यंदा शिमग्यात पालखीच्या मानावरून तुमच्या वाड्यांत काही झालं होतं का? मोठ्यांची भांडणं पोरं डब्याबरोबर शाळेत नेतात, म्हणून विचारते.

क तुकडीचंही तसंच. अल्बर्ट कोहेन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली मांडलं होतं की, शाळेच्या मापात जी मुलं बसत नाहीत, ती आपलं वेगळं माप तयार करतात आणि शाळेत जे वाईट, तेच तिथे भूषण ठरतं. मी हे वाचलं फार उशिरा. त्याआधी एका दांडगट पोराला मी प्रार्थनेला सगळ्यांसमोर छड्या मारल्या होत्या. मधल्या सुट्टीपर्यंत तो हिरो झाला होता. तो मान त्याला मीच मिळवून दिला.

मुख्याध्यापकांपुढे नुसतं रडू नका. दाखला दिला तरी थांबा तिथेच आहे, आणि उद्या तिथे कर्कटकाऐवजी कोयती निघाली तर प्रकरण थेट बाल न्याय मंडळापुढे जाईल, हे त्यांना सांगा. नॉर्वेत १९८३ नंतर डॅन ओल्वेयस यांनी शाळांमधल्या दांडगाईवर काम केलं, त्यात सुट्टीच्या वेळी मोठ्यांनी मैदानात हजर राहण्यावर भर होता. आपल्याकडे गाडी येईपर्यंत पाळीपाळीने एक शिक्षक, एक पालक थांबला तरी पुरे. किंवा पोरांना शाळेच्याच मैदानावर कबड्डी खेळू द्या. संघ मात्र वाडीवार नकोत! गाडी लवकर सोडा म्हणून शाळेने आगारात अर्जही द्यावा, शाळेच्या शिक्क्याने फरक पडतो.

आणि त्याच्या वडिलांना म्हणावं, फोनवरचं ओरडणं राहू द्या. गणपतीला याल तेव्हा पोराला बरोबर घ्या आणि वरच्या वाडीत त्या घरी आरतीला जा.